ई-मेल उपपत्ता

ई-मेल उपपत्ता, अर्थात प्लस ॲड्रेसिंग, ही एकाच टपालपेटीसाठी अनेक ई-मेल पत्ते वापरण्याची पद्धत आहे. मूळ नावापुढे अधिकचिन्ह (+) आणि एखादा शब्द जोडून उपपत्ता तयार होतो. संकेतस्थळाच्या दृष्टीने हा पत्ता नवा असतो. त्यावर आलेला ई-मेल मात्र मूळ टपालपेटीतच पोहोचतो. सॉफ्टवेअर चाचणीत एका पत्त्यावरून अनेक चाचणी खाती उघडण्यासाठी ही पद्धत वापरली जाते.

कार्यपद्धती

@ या चिन्हाने ई-मेल पत्त्याचे दोन भाग होतात. उजवीकडील भागावरून ई-मेल कोणत्या सर्व्हरकडे जाणार ते ठरते. डावीकडील भागास स्थानिक भाग म्हणतात. आरएफसी ५३२१ (ऑक्टोबर २००८) या दस्तऐवजानुसार स्थानिक भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ ई-मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरला आहे. उदाहरणार्थ, 'रमा+ग्राहक' आणि 'रमा+विक्रेता' हे दोन्ही पत्ते 'रमा' या एकाच टपालपेटीचे आहेत, हे तो सर्व्हरच ठरवतो. इतर संगणकांनी ते भिन्न मानणे अपेक्षित असते.

विभाजक चिन्ह सर्वत्र सारखे नसते. जीमेल व आउटलुक या सेवांमध्ये अधिकचिन्ह चालते, क्यूमेल या प्रणालीत पूर्वापार संयोगचिन्ह (-) वापरले जाते, तर पोस्टफिक्समध्ये ते व्यवस्थापक ठरवतो. जीमेल नावातील टिंबांकडेही दुर्लक्ष करते. त्यामुळे आठ रोमन अक्षरांच्या नावाची, अक्षरांमधील ७ जागी टिंब देऊन वा न देऊन, १२८ रूपे होतात.

चाचणीतील उपयोग

बहुतेक संकेतस्थळे एका ई-मेल पत्त्यावर एकच खाते उघडू देतात. ग्राहक, विक्रेता व व्यवस्थापक अशा भूमिका तपासताना परीक्षकाला प्रत्येकीसाठी वेगळे खाते लागते. उपपत्त्यांमुळे त्या सर्वांचे पडताळणीचे व परवलीचा शब्द बदलण्याचे ई-मेल एकाच ठिकाणी वाचता येतात. स्वयंचलित चाचणीत दर वेळी नवा पत्ता मिळावा म्हणून त्यात दिनांक व वेळ जोडतात. मात्र स्थानिक भागाची कमाल लांबी ६४ बाइट असते.

मनाने रचलेला पत्ता एखाद्या अनोळखी व्यक्तीचा असू शकतो आणि चाचणीचे ई-मेल तिच्याकडे जाऊ शकतात. आरएफसी २६०६ (जून १९९९) अन्वये 'एक्झाम्पल डॉट कॉम' यांसारखी काही नावे उदाहरणांसाठी राखीव आहेत. परंतु त्यांवर परीक्षकाची टपालपेटी नसल्याने पडताळणीचा दुवा उघडून पाहावयाचा असल्यास ती उपयोगी पडत नाहीत.

मर्यादा

अधिकचिन्ह नियमांनुसार वैध असूनही काही संकेतस्थळांचे अर्ज ते नाकारतात. वेबपत्त्यातून अर्जाची माहिती पाठवताना अधिकचिन्हाचा अर्थ रिकामी जागा असा होतो. म्हणून ते '%२बी' असे सांकेतिक रूपात लिहावे लागते. तसे न केल्यास पडताळणीचा दुवा चालत नाही. उपपत्ता वापरून केलेल्या चाचणीत हा दोष सहज उघड होतो.

उपपत्त्यातून मूळ पत्ता सहज ओळखता येत असल्याने गोपनीयतेसाठी त्यावर विसंबता येत नाही. मोफत सवलत वारंवार घेण्यासाठीही उपपत्ते वापरले जातात. ते रोखण्यासाठी काही सेवा जोडलेला शब्द व टिंबे काढून पत्त्यांची तुलना करतात. हा नियम सरसकट लावणे धोक्याचे असते. टिंबांना महत्त्व देणाऱ्या सर्व्हरवर असे दोन पत्ते दोन भिन्न व्यक्तींचे असू शकतात आणि एकीचे खाते दुसरीच्या हाती जाऊ शकते.