स्वस्त प्लॉट आणि १९५४-५५ चा खासरा

मागच्या दिवाळीत मावसभावाचा फोन आला. "दादा, बीडजवळ प्लॉट भेटतोय. शेजारच्या भावाच्या निम्म्यात. सातबारा क्लिअर आहे म्हणतात." त्याची पहिलीच खरेदी, सहा वर्षांची बचत. मी एवढंच विचारलं, "निम्म्यात का?"

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रांनो, मराठवाड्यात हा 'का' बऱ्याचदा इतिहासाचा प्रश्न असतो.

१९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ चा. (फसली सालात ५९० मिळवा, साधारण इसवी सन येतं.) दप्तराची भाषा उर्दू. जमिनीही एकसारख्या नव्हत्या: काही खालसा, काही जागिरीच्या, काही इनामी. इनामातही फरक होता. मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेली जमीन, तर खिदमतमाश म्हणजे देवस्थान, मशीद किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली. सेवेकऱ्याने ती कसायची आणि उत्पन्नातून सेवा चालवायची. स्वतःची समजून विकायची नाही.

पोलीस अ‍ॅक्शननंतर चित्र भराभर बदललं. १९४९ मध्ये जागिरी गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, १९५४ च्या कायद्याने इनामं रद्द झाली. पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामं त्यातून वगळलेली होती. खरी मेख इथे आहे.

त्याच सुमाराला, १९५४-५५ मध्ये, खासरा पाहणी झाली. कोणता सर्व्हे नंबर कुणाच्या नावावर, कसतो कोण, जमीन कोणत्या प्रकारची, हे त्या पत्रकात सापडतं. त्यानंतर वारस लागले, वाटण्या झाल्या, फेरफार झाले. या प्रवासात 'खिदमतमाश' हा एक शब्द कुठेतरी गळू शकतो. शब्द गळला म्हणून जमिनीचं मूळ स्वरूप बदलत नाही. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. खरेदीखत रजिस्टर झालं म्हणजे विकणाऱ्याचा हक्क सिद्ध झाला, असंही नाही.

म्हणून कागद उलटे वाचा. आजचा सातबारा, मग एकेक फेरफार, मग खासरा, आणि इनाम असेल तर मुंतखब. प्रत्येक बदलापाशी थांबून विचारा: हा कुणाच्या आदेशाने झाला? 'भोगवटादार वर्ग २' दिसलं तर विक्रीची परवानगी कुठे आहे? साधनचिकित्सा म्हणजे दुसरं काय असतं?

स्वस्त सौदा वाईटच असतो असं नाही. कुणाला लग्नासाठी पैसा हवा असतो, कुठे रस्ता नसतो. पण कमी भावाचं कारण सापडेपर्यंत इसार देऊ नये.

भावाने खासऱ्याची नक्कल काढली. शेऱ्यात 'खिदमतमाश' होतं. त्याचे पैसे वाचले. त्याच सर्व्हे नंबरात एकाने मात्र घर बांधलंय, रजिस्टर खरेदीखत करून. भाऊ विचारतो, "दादा, त्याला कुणी सांगायचं?"

माझ्याकडे अजून उत्तर नाही.