कपाटात जपलेली गाणी

आज तुम्हाला लॅटव्हिया देशातली एक गोष्ट सांगते.

युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी हा लहानसा देश आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथं रशियाच्या झारचं राज्य होतं आणि मोठ्या जमिनी जर्मन जमीनदारांच्या हातात होत्या. लॅटव्हियन बोलणारे बहुतेक लोक शेतात राबणारे. वरचं शिक्षण सगळं जर्मन भाषेत. त्यामुळे पोरगा शिकला की तो जर्मनच म्हणवून घ्यायचा. आपली बोली म्हणजे अडाण्यांची, असं त्याला वाटायचं.

१८५४ साली क्रिश्यानिस वाल्देमार्स नावाचा तरुण तार्तूच्या विद्यापीठात शिकायला गेला. तार्तू आज एस्टोनिया देशात आहे. तिथल्या लोकांची भाषा वेगळी आणि विद्यापीठाची भाषा जर्मन. वाल्देमार्सनं आपल्या खोलीच्या दारावर नावाचं कार्ड लावलं आणि नावापुढं लिहिलं, 'लॅटव्हियन'. शिकलेल्या माणसानं असं उघड लिहावं, याचं तेव्हा लोकांना नवल वाटलं.

त्याच गावात शिकणारी आणखी काही लॅटव्हियन मुलं त्याच्याकडे जमायला लागली. संध्याकाळी बसून आपल्या भाषेत बोलायचं, वाचायचं, वाद घालायचे. त्यांच्यातल्या युरिस आलुनान्सनं १८५६ मध्ये परभाषांतल्या कविता लॅटव्हियनमध्ये आणून पुस्तक छापलं. आपल्या भाषेत मोठा विचारही मावतो, हे त्यानं दाखवून दिलं. पुढं १८६२ मध्ये या मित्रांनी सेंट पीटर्सबर्गमधून लॅटव्हियन वर्तमानपत्र काढलं. तीन वर्षांत सरकारनं ते बंद पाडलं.

या मंडळीत क्रिश्यानिस बारोन्स होता. तो गणित शिकायला आलेला. त्यानं पुढं लोकगीतं गोळा करायचं काम हाती घेतलं. लॅटव्हियन भाषेत या गीतांना 'दाइना' म्हणतात. बहुतेक चारच ओळींची, आपल्या ओवीसारखी. गाणाऱ्या मुख्यतः बाया. लग्नात, पाळण्यापाशी, शेतात, आणि हो, जात्यावरसुद्धा!

बारोन्स तेव्हा मॉस्कोत शिकवणी करून राहत होता. गावोगावची माणसं गाणी लिहून त्याला धाडायची. तो एकेक गाणं कागदाच्या छोट्या चिठ्ठीवर उतरवायचा. चिठ्ठ्या ठेवायला १८८० मध्ये त्यानं सत्तर खणांचं कपाट करून घेतलं. जन्मापासून मरणापर्यंत माणसाचं आयुष्य जसं जातं, तशी गाणी लावली. १८९४ ते १९१५ या काळात ती छापून झाली. सुमारे २ लाख १८ हजार गाणी! १९१८ मध्ये लॅटव्हिया स्वतंत्र झाला, तेव्हा अडाण्यांची म्हटलेली भाषा देशाची भाषा झाली. ते कपाट आजही तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

बायांनो, यात मला एक गोष्ट मोठी वाटते. भाषेचा अभिमान त्या मुलांना परक्या गावात, एकमेकांच्या सोबतीनं आला. पण भाषेचं धन घरच्या आया-आज्यांपाशी होतं. दोन्ही जुळलं म्हणून ते टिकलं.

आपल्याकडेही हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सोबत्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तरी आपल्या वाडीतल्या कितीतरी ओव्या अजून कुणी लिहिलेल्या नाहीत. घरोघरी गिरणीचं पीठ आलं, जातं कोपऱ्यात गेलं. आता ओवी फक्त म्हाताऱ्या बायांच्या तोंडी उरली. ती बाई गेली की ओवी गेली.

म्हणून एक सांगणं आहे. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की गटातल्या थोरल्या बाईला एक ओवी म्हणायला सांगा. जिला लिहिता येतं तिनं ती वहीत उतरवावी, जशी म्हटली तशीच, 'शुद्ध' न करता. खाली तिचं नाव आणि गाव घाला. शिकायला शहरात गेलेल्या लेकींनाही फोनवर ती ऐकवा. आपल्या बोलीची लाज वाटण्याआधी तिची श्रीमंती त्यांच्या कानावर पडू दे.