डोंगळ्याचे फूल

कंदातून वर येऊन वसंतात उंच दांड्यावर फुलणाऱ्या फुलांचा इतिहास म्हटला, की सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम हॉलंड देश उभा राहतो. १५९३ साली क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ लायडेनच्या विद्यापीठात आला. त्याने लावलेले ट्यूलिपचे कंद पुढच्या वसंतात फुलले. आणि १६३७ साली त्याच कंदांच्या सट्ट्याचा बाजार कोसळून त्या फुलाचे नाव अर्थशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे जाऊन बसले. आमच्या गोदावरीच्या खोऱ्यात अशा जातीचे काही आहे काय, असे विचारल्यास बहुतेकांचे उत्तर नकारार्थी येईल. वस्तुतः शिर्डी, राहाता, कोपरगाव या टापूत माघ-फाल्गुनाच्या सुमारास असे फूल उघड्या उन्हात, कमरेएवढ्या उंच दांड्यावर, पांढरे शुभ्र व चेंडूसारखे गोल असे दरवर्षी उभे असते. ते कांद्याचे फूल होय. त्याच्याच गणातील उंच, गोल फुले युरोपातील बागवान केवळ शोभेसाठी हौसेने वाफ्यांत लावतात. आमच्या शेतकऱ्याने त्या दांड्याला डोंगळा म्हटले, त्यावरच्या झुबक्याला गोंडा म्हटले आणि त्यातून निघणाऱ्या काळ्या बियांना उळे म्हटले. भाषेने तीन नावे दिली. परंतु त्यांत फूल हा शब्द कोठेही आला नाही.

याचे कारण शोधण्यापूर्वी हे फूल येते कसे, हे पाहिले पाहिजे. कांदा हे द्विवर्षायू पीक आहे. पहिल्या हंगामात बियांपासून कंद होतो. तो पुन्हा जमिनीत पुरला तरच दुसऱ्या हंगामात त्याला फूल येते. उन्हाळी कांद्यातून एकसारख्या आकाराचे, एका रंगाचे, बारीक मानेचे कांदे निवडून ते चाळीत राखून ठेवतात. आश्विन-कार्तिकात त्यांचा वरचा भाग कापून ते सरीला लावतात. पुढे थंडीचे काम सुरू होते. काही आठवडे गारवा मिळाल्यावाचून कांद्याच्या पोटातील कोंब फुलाकडे वळत नाही. ट्यूलिपला तीन-चार महिन्यांची कडक थंडी लागते, म्हणून तो आमच्या मैदानात तग धरीत नाही. आमच्या कांद्याला पौषातील दहा-बारा अंशांच्या रात्री पुरतात. मग दांडे वर येतात, गोंडे उमलतात आणि चैत्राच्या आसपास उळे पक्व होते.

आता यातील खरी अडचण ध्यानात घ्यावी. ज्वारी पेवात राहते. एखादे वर्ष बुडाले तरी मागचे बियाणे हाताशी असते. कांद्याच्या बियांचे तसे नाही. साध्या ठेवणीत त्यांची उगवणशक्ती वर्षभरातच बहुतेक जाते. म्हणजे कांद्याचे वाण टिकवावयाचे, तर कोणी ना कोणी ते दरवर्षी फुलवलेच पाहिजे. त्यातच, कंद लावण्याचा जो काळ, तोच बहुधा बाजारात कांदा महाग होण्याचा काळ! हेक्टरी पंचवीस-तीस क्विंटल कांदा, तोही चाळीतला सर्वांत उत्तम, भाव चढलेला असताना मातीत गाडावयाचा व चार-पाच महिने वाट पाहावयाची, हे कर्जबाजारी गृहस्थाला सोपे नसते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धाने उपासमार झाली, तेव्हा हॉलंडातील लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. कंद पोटात गेला, की त्याचे फूल गेलेच. तिकडे असा प्रसंग एका भीषण हिवाळ्यात आला. इकडे विकू की लावू, हा प्रश्न दर दिवाळीला दाराशी उभा असतो. या प्रश्नाचे उत्तर ‘लावू’ असे देणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या निघाली, म्हणूनच आज आपल्या ताटात कांदा आहे.

असे असता या फुलाला मान का मिळाला नाही? कांदाच मुळात अपाङ्‌क्तेय ठरला होता. मनुस्मृतीने लसणाबरोबर पलांडूलाही द्विजांस वर्ज्य ठरविले, आणि पुढे चातुर्मासात तो घराबाहेर ठेवण्याची चाल रूढ झाली. उलट, तेराव्या शतकात अरणच्या सावता माळ्याने आपल्या मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला, आणि त्या भाजीपाल्यात कांद्याचाही उल्लेख केला. धर्मशास्त्राने जे ताटाबाहेर काढले, ते संताने देवाच्या रूपात बसविले. तथापि त्याच्याही दृष्टीपुढे होता तो कांदा, डोंगळा नव्हे.

शिर्डीच्या इतिहासात हीच गोष्ट विशेष रीतीने दिसते. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांचे ‘श्रीसाईसच्चरित’ १९३० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात साईबाबांच्या बागेची हकीकत आहे. राहात्याहून त्यांनी जाई, जुई व झेंडू यांची रोपे आणली. वामन तात्या नावाचा भक्त रोज दोन कच्चे घडे देई. बाबा विहिरीचे पाणी स्वतः खांद्यावर वाहून झाडांना घालीत. सायंकाळी घडे फुटत आणि दुसऱ्या दिवशी नवे येत. तीन वर्षे हा क्रम चालला. पुढे त्याच जागेवर नागपूरच्या बुट्टींचा वाडा उभा राहिला व १९१८ नंतर तेच समाधिमंदिर झाले. याच ग्रंथात दुसरी एक कथा आहे. नानासाहेब चांदोरकरांबरोबर एक योगाभ्यासी गृहस्थ आला. बाबा शिळ्या भाकरीबरोबर कांदा खात आहेत, हे पाहून त्याच्या मनात शंका आली, की हा पुरुष माझा संशय काय फेडणार! तेव्हा ज्याला कांदा पचविण्याचे सामर्थ्य असेल त्यानेच तो खावा, अशा आशयाचे उत्तर बाबांनी नानांना दिले. एका कथेत फुले आहेत, दुसरीत कांदा आहे. पण कांद्यालाही फूल असते, हे सांगण्याचा प्रसंग त्या दोहोंत कोठेही आला नाही. जाई-जुई देवाकडे गेली आणि कांदा भाकरीवर राहिला.

त्या काळी या मुलुखात पाणी दोन घड्यांनी मोजण्याइतके मोलाचे होते. १९१६ साली दारणा धरण पुरे झाले, आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी या दुष्काळी जमिनीची स्थिती पालटली. ऊस आला, त्याचे नाव झाले, त्याचे कारखाने झाले. कांदाही वाढला. १९६० पासून पिंपळगाव बसवंत येथे कांद्याच्या सुधारणेचे काम पद्धतशीर सुरू झाले. १९६८ साली राहुरीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. एन-५३, बसवंत-७८० यांसारखी नामांकित वाणे कोठून आली? ती या भागातील स्थानिक कांद्यातूनच निवडून काढलेली आहेत. शास्त्रज्ञांच्या निवडीचे श्रेय मोठे आहेच. परंतु निवडावयास काही शिल्लक राहिले, ते चाळीतले चांगले कांदे न विकणाऱ्या निनावी कुटुंबांमुळे.

या कामात शेतकऱ्याचा एक भागीदार आहे, तो म्हणजे मधमाशी. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो व स्त्रीकेसर मागाहून पक्व होते. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यापर्यंत कोणी तरी पोचवावाच लागतो. फुलोऱ्यात विषारी औषधाची फवारणी झाली आणि माश्या मेल्या, तर गोंडे दिसावयास भरदार असूनही आत उळे भरत नाही. दोन वाणांचे डोंगळे जवळजवळ लावले, तर याच माश्या त्यांची सरमिसळ करतात. यास्तव त्यांच्यामध्ये अर्धा ते एक किलोमीटर अंतर राखावे लागते. अर्थात शुद्ध बियाणे ही एकट्याची मिळकत नसते. शेजाऱ्याने काय लावले व केव्हा फवारले, यावर ते अवलंबून असते.

२०२० साली कांद्याच्या बियांची टंचाई झाली, भाव भडकले, आणि ऑक्टोबर महिन्यात केंद्र सरकारने बियांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या एका हंगामात साऱ्या देशाला डोंगळ्याची आठवण झाली. पुढे पाऊसपाणी बरे झाले व ती मावळली. कांद्याच्या दराची बातमी आपण रोज वाचतो. परंतु तो दर ठरण्याच्या फार आधी, कोणा एका घराने आपले उत्तम कांदे मातीत ठेवण्याचा निर्णय घेतलेला असतो, त्याची बातमी होत नाही. राजघराण्यांच्या वंशावळीत खंड पडतात, दत्तक येतात. कांद्याच्या वंशात एकही वसंत चुकून चालत नाही. शिर्डीच्या वाटेवर माघात एखाद्या शेतात पांढरे गोंडे उभे दिसले, तर ते देवाला वाहावयाचे नसतात, हे खरे आहे. पुढच्या वर्षाच्या भाकरीबरोबरचा कांदा मात्र त्यांच्याच स्वाधीन असतो.