दुखण्यावर गांजा? आधी कायदा आणि धोका समजून घ्या

बीड : ऊसतोडीनं गेलेली कंबर, संधिवात, न लागणारी झोप, नाहीतर कॅन्सरच्या वेदना. अशा दुखण्यावर कुणीतरी गांजाचा सल्ला देतो आणि तुरीच्या ओळीत दोन झाडं उभी राहतात. लावणाऱ्याला ते औषध वाटतं, पण कायद्यानं तो गुन्हा आहे.

जुना वापर

आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. जातिफलादी चूर्णात ती शुद्ध करून, ठरलेल्या मापानं घालतात. वैद्य हे चूर्ण जुलाब, ग्रहणीवर देतात. भांग विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत असल्यानं अशी औषधं वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. इंग्रजांच्या काळात शेजारच्या नगर जिल्ह्यात गांजाची शेती चालायची. पण १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं चित्र बदललं.

कायदा काय सांगतो?

- लागवड : एक झाड लावलं तरी गुन्हा. १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.
- जवळ बाळगणं : १ किलोपर्यंत गांजा असेल तर १ वर्षापर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यावर २० किलोपर्यंत १० वर्षांपर्यंत शिक्षा. २० किलोच्या पुढे १० ते २० वर्षं.
- सेवन : ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- बटईचं शेत : रानात गांजा आहे हे माहीत असून मालकानं पोलिसांना कळवलं नाही, तर तोही अडकतो.
- भांग : शेंड्याशिवायची नुसती पानं, बी या कायद्यात गांजा धरत नाहीत. पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार भांगेलाही परवाना लागतो.

"दुखण्यासाठी लावलं होतं" म्हणून सूट मिळत नाही. औषधी उपयोगाला कायद्यात जागा आहे, पण ती नियम आणि परवान्यानं.

परदेशात औषध आहे, मग इथं का नको?

अमेरिकेत २०१८ मध्ये भांगेच्या झाडातल्या सीबीडी या घटकाच्या औषधाला लहान मुलांच्या दोन गंभीर प्रकारच्या फिट्ससाठी मंजुरी मिळाली. सीबीडीनं नशा येत नाही. ते औषध मोजून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देतात. रानातल्या गांजात नशेचा घटक किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

धोके

छातीची धडधड वाढते, हृदयरोग्याला ते भारी पडू शकतं. भ्रम, संशय, वेड्यासारखं वागणं सुरू होऊ शकतं. तरुणांना आणि घरात मानसिक आजार असलेल्यांना हा धोका जास्त. रोज घेणाऱ्या काहींना उलट्यांचा त्रास जडतो. रक्त पातळ करणाऱ्या आणि फिट्सच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर दूरच राहावं. सगळ्यात मोठा घात म्हणजे दुखणं दबतं, आजार आत वाढत राहतो आणि तपासणीला उशीर होतो.

मग करायचं काय?

कॅन्सरच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिन हे कायदेशीर औषध आहे. २०१४ च्या दुरुस्तीनं ते रुग्णालयांना मिळवणं सोपं झालं. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात वेदनेवरच्या उपचाराची चौकशी करावी. आधीच गांजा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, नाहीतर औषधाचा अंदाज चुकतो.

व्यसन सोडण्यासाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ या मोफत सरकारी हेल्पलाइन आहेत. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, अटी पाळल्यास, सेवन आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.