डीसी-डीसी परिवर्तक

डीसी-डीसी परिवर्तक हे एका दाबाच्या एकदिश विद्युत प्रवाहाचे दुसऱ्या दाबाच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल आहे. एकदिश प्रवाहालाच व्यवहारात डीसी म्हणतात. मोबाइल फोन, संगणक, विद्युत वाहने, दूरसंचार मनोरे, सौर वीजप्रणाली आणि कृत्रिम उपग्रह अशा सर्व ठिकाणी हे परिवर्तक वापरले जातात. बॅटरी किंवा सौर पॅनेल यांचा दाब सतत बदलत असतो, तर त्यांवर चालणाऱ्या उपकरणाला ठरावीक दाब लागतो. ही तफावत कमीत कमी ऊर्जा वाया घालवून भरून काढणे हे परिवर्तकाचे काम होय. जेथे वीजवाहिनी पोहोचत नाही किंवा वादळात तुटते अशा ठिकाणी, उदाहरणार्थ महाराष्ट्राच्या रायगड किनाऱ्यावर, साठवलेली वीज किती काळ पुरेल हे बऱ्याच अंशी परिवर्तकाच्या कार्यक्षमतेवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब रोहित्राने सहज कमी-जास्त करता येतो. रोहित्राचे कार्य बदलत्या चुंबकीय स्रोतावर अवलंबून असल्यामुळे स्थिर एकदिश प्रवाहासाठी ते उपयोगी पडत नाही. त्यामुळे दीर्घकाळ एकदिश प्रवाहाचा दाब बदलण्यासाठी चलित्र आणि जनित्र एकाच दंडावर जोडलेले संच वापरले जात. मोटारगाडीतील जुन्या रेडिओंमध्ये कंप पावणाऱ्या यांत्रिक स्विचने बॅटरीचा प्रवाह खंडित करून तो रोहित्राला दिला जाई.

दाब कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मध्ये रोधक घालणे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणारी पहिली विद्युत गाडी धावली. पुढे रायगड जिल्ह्यातील पनवेलपर्यंत पोहोचलेला हार्बर मार्गही २०१६ मध्ये २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर जाईपर्यंत याच पद्धतीवर चालत होता. एकदिश प्रवाहावरील जुन्या लोकलगाड्यांत गाडी सुरू होताना चलित्रांशी रोधक जोडले जात आणि वेग वाढेल तसे ते टप्प्याटप्प्याने वगळले जात. या काळात रोधकांमध्ये बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई.

अर्धसंवाहक स्विच उपलब्ध झाल्यावर ही अडचण दूर झाली. प्रथम थायरिस्टर आणि ट्रान्झिस्टर, तर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पॉवर मॉस्फेट हे घटक वापरात आले. १९७६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील आर. डी. मिडलब्रुक आणि स्लोबोदान चुक यांनी अशा मंडलांच्या गणिती विश्लेषणाची अवस्था-अवकाश सरासरी पद्धत मांडली. परिवर्तकांच्या नियंत्रणाचा अभ्यास आजही मोठ्या प्रमाणावर तिच्यावर आधारलेला आहे.

कार्यतत्त्व

परिवर्तकात मुख्यतः स्विच, डायोड, प्रवर्तक म्हणजे तारेचे वेटोळे आणि धारित्र हे चार घटक असतात. स्विच सेकंदाला हजारो ते लाखो वेळा उघडतो व मिटतो. स्विच पूर्ण मिटलेला असताना त्याच्यावर जवळजवळ दाब नसतो आणि पूर्ण उघडा असताना त्यातून प्रवाह जात नाही. त्यामुळे आदर्श स्थितीत दोन्ही वेळा त्यात ऊर्जा नष्ट होत नाही. प्रवर्तक ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठवून पुढे देतो, तर धारित्र प्रदान दाबातील चढउतार गुळगुळीत करते.

एका आवर्तनकालापैकी जितका भाग स्विच मिटलेला असतो त्या गुणोत्तरास ड्यूटी सायकल म्हणतात. स्थिर अवस्थेत एका आवर्तनात प्रवर्तकावरील सरासरी दाब शून्य असावा लागतो. या एकाच अटीवरून आदान व प्रदान दाबांमधील संबंध काढता येतो.

मुख्य प्रकार

• बक परिवर्तक: दाब कमी करतो. प्रदान दाब = आदान दाब × ड्यूटी सायकल.
• बूस्ट परिवर्तक: दाब वाढवतो. प्रदान दाब = आदान दाब ÷ (१ − ड्यूटी सायकल).
• बक-बूस्ट परिवर्तक: दाब कमी किंवा जास्त करू शकतो. मूळ रचनेत प्रदान दाबाची ध्रुवता उलट होते. चार स्विच वापरलेल्या रचनेत ती कायम राहते.
• चुक परिवर्तक: यात दोन प्रवर्तक असून ऊर्जा धारित्रामार्फत पुढे जाते. आदान आणि प्रदान या दोन्ही बाजूंचा प्रवाह अखंड राहतो.
• विलगित परिवर्तक: फ्लायबॅक, फॉरवर्ड आणि पूर्ण-सेतू हे प्रकार. यांत उच्च कंप्रतेचे लहान रोहित्र असते. त्यामुळे आदान व प्रदान बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या राहतात आणि वापरणाऱ्याची सुरक्षितता वाढते.

वरील सूत्रे प्रवर्तकातील प्रवाह अखंड असताना लागू पडतात. भार फार कमी झाल्यास प्रवाह प्रत्येक आवर्तनात काही काळ शून्यावर येतो आणि प्रदान दाब भारावरही अवलंबून राहतो.

रचना

रचनेची पद्धत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दूरसंचार मनोऱ्यांवर सामान्यतः ४८ व्होल्टची बॅटरी असते. भारणाच्या स्थितीनुसार तिचा दाब सुमारे ४३ ते ५७ व्होल्ट यांदरम्यान राहतो. तिच्यापासून १२ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे ६० वॉट मिळवायचे आहेत आणि स्विचची कंप्रता १०० किलोहर्ट्झ आहे असे मानू.

४८ व्होल्टला ड्यूटी सायकल १२ ÷ ४८ = ०.२५ येते. प्रवर्तकातील प्रवाहाचा चढउतार भारप्रवाहाच्या सुमारे ३० टक्के, म्हणजे १.५ अँपिअर ठेवल्यास ६० मायक्रोहेन्रीचा प्रवर्तक लागतो. मात्र बक परिवर्तकात हा चढउतार आदान दाब सर्वाधिक असताना सर्वांत मोठा असतो. ५७ व्होल्टला हेच गणित सुमारे ६३ मायक्रोहेन्री देते. म्हणून बाजारात मिळणारे ६८ मायक्रोहेन्री हे पुढचे मूल्य निवडले जाते. प्रदान दाबातील चढउतार ५० मिलिव्होल्टच्या आत ठेवण्यासाठी धारित्र किमान सुमारे ३८ मायक्रोफॅरड असावे लागते. भार अचानक बदलला तरी दाब फार ढळू नये यासाठी प्रत्यक्षात ते १०० मायक्रोफॅरडच्या आसपास घेतले जाते.

कार्यक्षमतेचे महत्त्व याच उदाहरणातून दिसते. हेच काम रेषीय नियंत्रकाने केले तर उरलेला ३६ व्होल्ट दाब त्याच्यावर पडून १८० वॉट उष्णता निर्माण होते आणि कार्यक्षमता केवळ २५ टक्के राहते. ९५ टक्के कार्यक्षमतेच्या परिवर्तकात सुमारे ३ वॉटच वाया जातात. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास क्षमतेची पूर्ण भारित बॅटरी हा भार पहिल्या मार्गाने सैद्धांतिकदृष्ट्या २० तास, तर दुसऱ्या मार्गाने सुमारे ७६ तास चालवू शकते.

कंप्रता वाढवल्यास प्रवर्तक व धारित्र लहान होतात, पण प्रत्येक उघडझापीत स्विचमध्ये होणारी हानी वाढते. त्यामुळे आकार आणि कार्यक्षमता यांत तडजोड करावी लागते. डायोडच्या जागी दुसरा मॉस्फेट बसवल्यास कमी दाबाच्या परिवर्तकांतील हानी बरीच घटते. गॅलियम नायट्राइड व सिलिकॉन कार्बाइड यांच्या स्विचमुळे अधिक कंप्रतेवर काम करणे शक्य झाले आहे.

नियंत्रण

बॅटरीचा दाब किंवा भार बदलला तरी प्रदान दाब स्थिर राहावा यासाठी बंद-चक्र नियंत्रण वापरतात. प्रदान दाबाची संदर्भ दाबाशी तुलना करून मिळालेल्या त्रुटीनुसार ड्यूटी सायकल कमी-जास्त केली जाते. या पद्धतीला स्पंदरुंदी नियमन किंवा पीडब्ल्यूएम म्हणतात.

प्रवर्तक आणि धारित्र मिळून एक अनुस्पंदी जोडी तयार होते. वरील उदाहरणात तिची कंप्रता सुमारे १.९ किलोहर्ट्झ येते. या कंप्रतेच्या आसपास कलेत मोठा बदल होत असल्यामुळे योग्य भरपाई न केल्यास मंडल स्थिर राहण्याऐवजी आंदोलने करू लागते. म्हणून नियंत्रकात भरपाई मंडल घालून कलेची राखीव मर्यादा साधारण ४५ ते ६० अंश ठेवतात. फीडबॅक चक्राची कंप्रतामर्यादा सहसा स्विचच्या कंप्रतेच्या दहाव्या भागापर्यंत ठेवली जाते.

बूस्ट परिवर्तकाचे नियंत्रण अधिक कठीण असते. त्याचा दाब वाढवण्यासाठी स्विच अधिक काळ मिटलेला ठेवावा लागतो. पण तेवढा वेळ प्रवर्तक प्रदान बाजूपासून तुटलेला असतो आणि भार एकट्या धारित्रावर चालतो. त्यामुळे दाब वाढण्याआधी क्षणभर खाली जातो. नियंत्रक फार वेगवान असल्यास या घसरणीला उत्तर म्हणून तो ड्यूटी सायकल आणखी वाढवतो आणि दाब अधिकच कोसळतो. नियंत्रणशास्त्रात या वर्तनाचे कारण उजव्या अर्धप्रतलातील शून्य असे सांगतात. यावर उपाय म्हणून चक्र मुद्दाम संथ ठेवावे लागते.

प्रवाह-नियंत्रण पद्धतीत प्रवर्तकातील प्रवाहही मोजला जातो. त्यामुळे अतिप्रवाहापासून आपोआप संरक्षण मिळते आणि भरपाई सोपी होते. मात्र शिखर-प्रवाहावर आधारित पद्धतीत ड्यूटी सायकल ०.५ पेक्षा अधिक झाल्यास उपसंनादी आंदोलने सुरू होऊ शकतात. ती टाळण्यासाठी उतार-भरपाई दिली जाते.

परिवर्तक भाराला स्थिर शक्ती पुरवतो. त्यामुळे आदान दाब घटला की तो अधिक प्रवाह ओढतो. वरील उदाहरणात ५७ व्होल्टला सुमारे १.१ अँपिअर, तर ४३ व्होल्टला सुमारे १.५ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजेच आदान बाजूने परिवर्तक ऋण रोधासारखा वागतो आणि चुकीच्या आदान गाळणीसोबत जोडल्यास आंदोलने निर्माण करतो. हे टाळण्याचा निकष मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये दिला. बॅटरी अतिरिक्त रिकामी होऊन खराब होऊ नये म्हणून ठरावीक दाबाखाली भार तोडण्याची व्यवस्थाही आवश्यक असते.

सौर पॅनेलसाठी नियंत्रण

सौर पॅनेलशी जोडलेल्या परिवर्तकाचे उद्दिष्ट वेगळे असते. पॅनेल एका विशिष्ट दाबालाच सर्वाधिक शक्ती देते आणि तो दाब ऊन व तापमान यांनुसार बदलतो. स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलचा दाब तापमानात प्रत्येक अंश सेल्सिअस वाढीमागे साधारण ०.३ टक्क्याने घटतो. कमाल शक्तिबिंदूचा मागोवा घेणाऱ्या नियंत्रणास एमपीपीटी म्हणतात. त्यात ड्यूटी सायकल किंचित बदलून शक्ती वाढली की घटली ते पाहिले जाते आणि त्यानुसार पुढचा बदल ठरतो. पावसाळ्यातील वेगाने सरकणाऱ्या ढगांमुळे ही साधी पद्धत फसू शकते, कारण शक्तीतील बदल ऊन बदलल्याने झाला की ड्यूटी सायकलमुळे हे तिला कळत नाही. नारळ-सुपारीच्या वाड्यांत पॅनेलच्या काही भागावर सावली पडल्यास शक्तीच्या आलेखात अनेक शिखरे तयार होतात. अशा वेळी नियंत्रक लहान शिखरावरच अडकू नये म्हणून अधूनमधून संपूर्ण आलेख तपासावा लागतो.

रायगड किनाऱ्यावरील उपयोग

रायगड किनाऱ्यावर बेटे, मच्छीमार बंदरे आणि वादळांना तोंड देणारी गावे आहेत. उरण तालुक्यातील घारापुरी बेटावर २२ फेब्रुवारी २०१८ रोजी समुद्राखालून टाकलेल्या सुमारे ७.५ किलोमीटर लांबीच्या केबलने वीज पोहोचली. तोपर्यंत तेथील वस्त्या संध्याकाळी काही तास चालणाऱ्या डिझेल जनित्रावर अवलंबून होत्या. मुख्य भूमीपासून दूर असलेल्या अशा जागी सौर पॅनेल आणि बॅटरी यांमधील परिवर्तक हाच वीजपुरवठ्याचा कणा असतो. दीपगृहांसाठीही देशभर सौरऊर्जेचा अवलंब करण्यात आला आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने विजेचे खांब व वाहिन्या कोसळल्या. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन आणि म्हसळा या तालुक्यांतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली आणि मोबाइल सेवाही विस्कळीत झाली. अशा आपत्तीत मनोऱ्यावरील यंत्रणा प्रथम बॅटरीवर आणि नंतर डिझेल जनित्रावर चालते. रस्ते बंद असल्यास डिझेल पोहोचत नाही. अशा वेळी परिवर्तकातील हानी जितकी कमी, तितका मदतीसाठी संपर्क साधण्याचा अवधी वाढतो. दूरसंचार प्रणालीत बॅटरीचे धन अग्र जमिनीला जोडून पुरवठा उणे ४८ व्होल्ट ठेवण्याची जुनी प्रथा आहे. ओलाव्यात तांब्याच्या तारांचे विद्युत-रासायनिक क्षरण कमी व्हावे हा तिचा हेतू आहे.

थळ, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन येथील यांत्रिक मच्छीमार नौकांवर १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर दिवे, जीपीएस, मासेशोधक यंत्र आणि व्हीएचएफ रेडिओ चालतात. इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब क्षणभर खूप खाली जातो आणि उपकरणे बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतात. बक-बूस्ट परिवर्तक हा दाब स्थिर राखतो. मात्र निकृष्ट परिवर्तकाच्या स्विचमधून निघणारा रेडिओ गोंगाट व्हीएचएफच्या १५६ मेगाहर्ट्झ पट्ट्यापर्यंत पोहोचू शकतो. आपत्कालीन हाकेसाठी राखीव असलेल्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवरील क्षीण संदेश त्यामुळे ऐकू येईनासा होतो. म्हणून नौकेवरील परिवर्तकाला धातूचे आवरण आणि दोन्ही बाजूंना गाळणी असणे गरजेचे असते. तो चुंबकीय होकायंत्रापासूनही दूर बसवावा लागतो.

बिघाड आणि मर्यादा

खाऱ्या, दमट हवेत मंडलपट्टीवर मिठाचा ओलसर थर बसून गळती प्रवाह सुरू होतो आणि जोड गंजतात. फीडबॅकच्या उच्च रोधाच्या जागी अशी गळती झाल्यास नियंत्रकाला प्रदान दाब चुकीचा दिसतो आणि जोडलेले उपकरण अतिदाबाने जळू शकते. म्हणून मंडलपट्टीवर संरक्षक लेप देतात आणि पेटी जलरोधक ठेवतात. पूर्ण बंद पेटीत उष्णता मात्र साठते. विद्युत-अपघटनी धारित्राचे आयुष्य तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास साधारण निम्मे होते. त्यामुळे किनारी भागासाठी परिवर्तक निवडताना गंज रोखणे आणि उष्णता बाहेर टाकणे या परस्परविरोधी गरजांचा एकत्रित विचार करावा लागतो. कार्यक्षम परिवर्तकात मुळात उष्णताच कमी निर्माण होत असल्याने हा पेच बराच सौम्य होतो.