मुंबई–सुरत लोहमार्ग आणि खिडकीपलीकडची तलासरी

मराठी प्रवासवर्णनाच्या वाचकाला युरोपातली आगगाडी चांगली परिचयाची आहे. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) अशा पुस्तकांनी परक्या भूमीकडे पाहण्याची एक रसिक नजर त्याला दिली. दोन शहरांमधल्या दिवसभराच्या रेल्वेप्रवासाचा एक साचाही वाचनातून आपल्या अंगवळणी पडला आहे : सकाळी एका शहराचा निरोप, दुपारभर खिडकी आणि संध्याकाळी दुसरे शहर. या साच्यात मधल्या मुलुखाच्या वाट्याला पार्श्वभूमीची जागा येते. तो सुंदर असतो, पण त्याला इतिहास नसतो.

ही तक्रार युरोपातही जुनीच आहे. १८४३ साली पॅरिस–रुआँ लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा रेल्वेने अंतरालाच मारून टाकले असल्याची अस्वस्थ जाणीव पॅरिसमध्ये राहणाऱ्या हाइनरिश हाइने या जर्मन कवीने व्यक्त केली होती. पुढे वोल्फगांग शिवेलबुश या अभ्यासकाने रेल्वेप्रवासाच्या इतिहासावरील आपल्या १९७७च्या ग्रंथात या जाणिवेची मीमांसा केली. वेगामुळे रुळांलगतचे सारे पुसट होते आणि दूरचे तेवढे चित्रासारखे उरते. प्रवासी मुलुखातून जातो, पण मुलुखात नसतो. हा विचार आपल्या भूमीवर तपासायचा तर मुंबई–सुरत लोहमार्गाइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली. तिचे काम गुजरातकडून सुरू झाले. १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण हा पहिला टप्पा खुला झाला आणि १८६४च्या अखेरीस गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. मोगल काळात भरभराटलेले सुरत बंदर आणि त्याचा व्यापार आपल्याकडे ओढून घेणारी मुंबई अशी ही दोन शहरे. वाऱ्याच्या लहरीवर चालणाऱ्या गलबतांचा किंवा बैलगाडीचा प्रवास आता एका दिवसात मावू लागला. मुंबई सेंट्रलपासून सुरतेचे अंतर २६३ किलोमीटर. या वाटेवरच्या 'फ्लाइंग राणी'चे १९७९ ते २०२३ या काळातले दुमजली डबे दोन पिढ्यांच्या आठवणीत आहेत.

या अंतराच्या साधारण मध्यावर डहाणू येते. स्थानकाचे नाव मात्र 'डहाणू रोड'. केळवे रोड, उंबरगाव रोड ही नावेही त्याच घडणीची. खाडीकाठचे जुने डहाणू एका बाजूला राहिले आणि लोहमार्ग मल्याणवरून सरळ उत्तरेस गेला. 'रोड' या शब्दात रेल्वेचा दृष्टिकोन नेमका उतरला आहे : हे गाव नव्हे, गावाकडे जाणारी वाट इथून फुटते. उतरायचे असेल त्याने उतरावे.

लोहमार्गाच्या पश्चिमेला बंदरपट्टी, पूर्वेला जंगलपट्टी, असा इथला ढोबळ भूगोल. पश्चिमेला खाड्या, मच्छीमारांची वस्ती, पारशी-इराणी बागाईतदारांच्या चिकूच्या वाड्या. पूर्वेला डोंगर, जंगल आणि वारल्यांचे पाडे. तलासरी या पूर्वेकडच्या मुलुखातली; त्या गावाला आजही रेल्वे स्थानक नाही. खिडकीतून डोंगरांची निळसर रेघ दिसते. त्या रेघेखाली काय चालले होते, ते प्रवाशाला दिसण्याची सोय नव्हती.

गाडीला मात्र तिथला माल हवा होता. जंगलातले लाकूड, कोळसा आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत. ते तोडणारे आणि कापणारे हात वारल्यांचे होते. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या, त्यामुळे वेठ चुकत नव्हती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जो वर्षानुवर्षे धनकोच्या घरी राबे, त्याला 'लग्नगडी' म्हणत. मुंबई सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या अहवालात या वेठबिगारीची नोंद झाली. म्हणजे वेगाचे नवे साधन आणि माणसाला जागीच जखडून ठेवणारी जुनी व्यवस्था ही दोन्ही एकाच मुलुखात, काही कोसांच्या अंतराने, सुखाने नांदत होती. रेल्वे आली की बंधने आपोआप गळून पडतात, या समजुतीला इथला इतिहास दुजोरा देत नाही.

जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगाव तालुक्यातून गेलेल्या मोजक्या वारल्यांत माह्या धांगडा होते. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज ते तलासरी तालुक्यात आहे. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये, ही मागणी होती. १० ऑक्टोबरला गोदावरी परुळेकर यांच्या जिवाला धोका असल्याच्या अफवेवरून तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते प्रामुख्याने गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकामुळे. पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या या बाई शामराव परुळेकरांसह या मुलुखात आल्या, पाड्यांवर राहिल्या, पायी हिंडल्या. १९७२ साली पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या अभ्यासक्रमांत ते आत्मपर लेखन किंवा चळवळीचा दस्तऐवज म्हणून वाचले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु ते प्रवासलेखनाच्या परंपरेतही ठेवून वाचावे, असे सुचवावेसे वाटते. प्रवासवर्णनाचे मूलद्रव्य अनोळखी माणसांकडे जाणे हे असेल, तर मुंबईपासून काही तासांवर असलेल्या अनोळखी माणसांकडे जाणे त्यातून का वगळावे? युरोपातला मराठी प्रवासी आपले वेगळेपण जपून पाहतो आणि परततो. इथे पाहणारीचे मुलुखाशी असलेले नातेच बदलते. ज्यांना पाहायचे तेही बदलतात, बोलू लागतात, हिशेब मागतात. खिडकीची चौकट इथे टिकत नाही.

या चौकटीला उलट बाजूने दिलेले एक उत्तर वारली चित्रांत सापडते. जिव्या सोमा म्हसे यांच्यापासून कागदावर आलेल्या या चित्रपरंपरेत पुढे आगगाडीही अवतरली. ती शेतातून पाहिलेली गाडी आहे. झाडे, माणसे, गुरे यांच्यामधून जाणारी ती एक लांब, डबेदार वस्तू. तिथे पार्श्वभूमी झाली आहे ती गाडी.

१६ एप्रिल २०१३ रोजी चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. शटलवर विसंबून असलेल्या नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना तिचा आधार झाला. 'रोड'वर उतरणारी आणि चढणारी माणसे या गाडीच्या हिशेबात आहेत. आता ५०८ किलोमीटरच्या मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान मार्गाचे बांधकाम डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून चालले आहे. त्याच्या बारा स्थानकांत बोईसरनंतर थेट वापी आहे. जमीन या दोन तालुक्यांची आहे, थांबा त्यांच्या वाट्याला नाही. १८६४च्या गाडीने निदान गावाकडची वाट नावात राखली होती. नव्या गाडीच्या वेळापत्रकात या मुलुखाचे नावच असणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने वेगाला विरोध करावा, असे म्हणायचे नाही. मात्र प्रवासवर्णन शिकवताना लेखक कुठून कुठे गेला यासोबत तो मध्ये कुठे उतरला, हा प्रश्न वर्गात विचारला पाहिजे. बहुतेक पुस्तकांपुरते त्याचे उत्तर एका वाक्यात संपेल. ज्या थोड्या पुस्तकांत ते संपणार नाही, त्यांच्यापासून मराठी प्रवासलेखनाचा इतिहास नव्याने मांडता येईल.