पापणी खोटं बोलत नाही

‘पापणी लवते न लवते तोच’ असं आपण सहज बोलून जातो. ‘निमिष’ हे कालमापन तर पापणीच्या लवण्यावरूनच आलं. पण दचकल्यावर लवणारी पापणी मनातलं काय सांगते, हे मोजायला विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षं लागली. त्या मोजमापाचा इतिहास आज सांगायचा आहे.

सुरुवात चार्ल्स डार्विनपासून करू. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात काचेपलीकडे घोणशीच्या कुळातला एक आफ्रिकी साप होता. साप झेपावला तरी हलायचं नाही, असा निश्चय करून डार्विन काचेला तोंड भिडवून उभा राहिला. साप झेपावताच निश्चय कुठल्या कुठे गेला आणि डार्विन मागे उडाला! १८७२ च्या आपल्या ग्रंथात त्याने हे प्रांजळपणे लिहिलं आहे. त्याच ग्रंथात त्याच्या ११४ दिवसांच्या बाळाचीही नोंद आहे. डोळ्यांपुढे रिकामी डबी हलवली तर बाळ ढिम्म. पण डबीत साखरेच्या गोळ्या घालून ती खुळखुळ्यासारखी वाजवली, की दरवेळी पापण्या मिटायच्या.

आपल्या खानदेशाला बंदूक नवी नाही. वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा कारखाना आहे, धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे. मुरलेल्या नेमबाजाची पापणी बार उडाला तरी हलत नाही, अशी आपली समजूत असते. अमेरिकेत लँडिस आणि हंट या मानसशास्त्रज्ञांनी ती पारखून पाहिली. पिस्तुलाचा बार काढायचा आणि वेगवान कॅमेऱ्याने माणसाचं चित्रण करायचं, अशी त्यांची पद्धत. १९३९ साली त्यांचं पुस्तक आलं. खांदे उचलणं, मान आखडणं हे सरावाने कमी होतं. पण पापणीचं मिटणं पिस्तुलाची सवय असलेल्या पोलिसांमध्येही टिकून राहतं, असं त्यांना आढळलं.

पुढचा प्रश्न होता, पापणी किती जोराने मिटते हा. कल्पना करा, यावलकडचा शेतकरी रात्री केळीला पाणी द्यायला गेला आहे. बिबट्या दिसल्याची बातमी त्याने संध्याकाळीच ऐकली आहे. अशात एखादं झाड धाडकन कोसळलं, तर तो एरवीपेक्षा जास्त दचकेल. १९५१ मध्ये ब्राउन, कॅलिश आणि फार्बर यांनी उंदरांवर हेच दाखवलं : आधीच भीती असेल, तर दचकणं वाढतं.

माणसात ते मोजायला खालच्या पापणीखाली दोन छोटे विद्युतअग्र चिकटवतात. कानात क्षणभर, म्हणजे साधारण सेकंदाच्या विसाव्या भागाइतका, मोठा आवाज सोडतात. सुमारे ३० ते ५० सहस्रांश सेकंदात डोळ्याभोवतीचा स्नायू आकसू लागतो. विचाराला फुरसतच मिळत नाही! त्या स्नायूतली सूक्ष्म वीज यंत्र टिपतं. १९८८ मध्ये व्राना, स्पेन्स आणि लँग यांनी लोकांना चित्रं दाखवताना असे आवाज ऐकवले. अप्रिय चित्र समोर असताना पापणी जास्त जोराने मिटली, सुखद चित्राच्या वेळी कमी.

मात्र हे खोटं पकडायचं यंत्र नव्हे. मुळात कोणाची पापणी जोराने मिटते, कोणाची हळू. शिवाय तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकला की प्रतिसाद मंदावतो. म्हणून अनेक वेळा मोजून सरासरी काढावी लागते. एका पापणीवरून कुणाचा निवाडा करता येत नाही.

मला या इतिहासातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. दचकणारं पोर दिसलं की आपण त्याला ‘भित्रं’ म्हणून मोकळे होतो. अपघातातून वाचलेला माणूस दार आपटल्यावर दचकला, तर लोक हसतात. वास्तविक, आघातानंतर सहज दचकणं हे १९८० पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात आघातोत्तर विकाराचं लक्षण म्हणून नोंदलेलं आहे. जिथे डार्विनचा निश्चय टिकला नाही, तिथे ‘घाबरू नको’ एवढं सांगून काय होणार? दचकणाऱ्याला धीर हवा, आणि त्रास सरत नसेल तर डॉक्टरांची मदत. त्याची लाज वाटण्याचं कारण नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)